फॉर्म वन

निपाणीत तंबाखूच्या वखारीवर
हुक्केरी सरांचा क्लास.
जिन्यातच शिंका सुरू व्हायच्या.
चार मशीन, त्यातलं एक चालू.

"आधी खिडकी काढ," सर म्हणाले.
राखाडी चौकट आली, ठिपक्याठिपक्यांची,
रांगोळीच्या कागदासारखी.
नाव तिनं स्वतःच ठेवलेलं: फॉर्म वन.

मग एकेक ओढून आणलं.
लेबल, ज्याला फक्त बोलता येतं.
टेक्स्टबॉक्स, जो ऐकून घेतो.
आणि बटण.
बटणावर दोनदा टिचकी मारली
की मागची खोली उघडते:
दोन ओळी, मधे जागा रिकामी.
"दाबल्यावर काय व्हायचं ते इथं लिही.
नाही लिहिलंस तर दाबलं जाईल,
होणार काही नाही."

खाली रायगोंडा शेठना हिशेब हवा होता.
लेबलावर मी लिहिलं वजन,
शेजारी सरांनी कन्नडात तूक.
एकाच डब्याला दोन पाट्या.
आमच्याकडं झकास दिसलं.

शेठच्या मशीनवर फॉन्ट नव्हते.
दोन्ही पाट्यांवर तसलीच रोमन अक्षरं,
एक डॉलर, एक उलटं प्रश्नचिन्ह.
शेठनी चष्मा वर सारला.
"ह्यातलं मराठी कुठलं गा?"
सर वाकून बघत राहिले. मीही.

तोलार म्हाळू मागनं म्हणाला,
"डबा तर एकच हाय की. आकडा घाला."
त्यानंच घातला, अडतीस,
आणि तपकिरी बोटानं बटण दाबलं.
तूट वजा होऊन साडेछत्तीस आले.

बटणावर अजून कमांड वन आहे.
बदलायचं राहूनच गेलं.