अकरा नंबर

स्वानेतीत, गावाच्या वरच्या उतारावर
अकरा नंबर बर्फात अर्धा पुरलेला आहे.
तळहाताएवढी काच,
आणि खडक नि हवा यांच्यात ऊन-गारव्याचा
जो काही फरक पडेल तो,
एवढ्यावर त्याचा संसार.
पै पै जोडतो,
दर वीस मिनिटांनी उठून एक वाक्य बोलतो:
उतार जागच्या जागी आहे.
की पुन्हा झोप.

फेब्रुवारीत तो बोलेनासा झाला.
मी आणि तारिएल कमरेइतक्या बर्फातून वर गेलो.
तार कुरतडलेली नाही, काच शाबूत.
नुसता रिकामा,
खरवडून पुसलेल्या पातेल्यासारखा.

नोंदी खाली आणून वाचल्या.
खोऱ्यातून कुणीतरी रात्रभर थाप मारत होतं:
मी आहे, उघड. मी आहे, उघड.
आणि हा दर थापेला उठून
सही ताडून पाहायचा,
म्हणायचा, तू तो नव्हेस.
एकदाही फसला नाही.
चार हजार वेळा बरोबर उत्तर देऊन मेला.

तिबिलिसीत आम्हाला शिकवलं होतं, कुलूप मजबूत हवं.
कुलूप राखायलाही भाकर लागते
हे कुठल्याच तासाला आलं नव्हतं.

तारिएलच्या आईनं, त्सियालानं, चीज घातलेली रोटी वाढली.
अंगणात त्यांचा जुना बुरूज.
दार जमिनीपासून तीन पुरुष वर.
आत कसे जायचे, मी विचारलं.
"घरचे शिडी आत ओढून घ्यायचे," ती म्हणाली.
"बाकी ज्याला यायचं
त्यानं आपली शिडी आणावी."

रोटी ताटात तशीच राहिली.

आता अकरा नंबर थापेला उठत नाही.
थापेतच जी कणभर ऊब असते
तिच्यावरच तिची चौकशी होते,
साठवलेल्यातला थेंबही न मोडता.
ऊब पुरली नाही, तर चौकशी अर्धी,
आणि दार बंदच.
आपली माणसं जवळ जाऊन, जोरानं हाक मारतात.

मार्चपासून वीस मिनिटांचं वाक्य
पुन्हा नेमानं येतंय.
खालून थापा चालूच आहेत. कोण, ते कळलेलं नाही.
रस्त्याचा ठेकेदार म्हणावा
तर त्याचं घरही याच उताराखाली आहे.

तो झोपतो छान.
मी मात्र अजून
छपरावरून बर्फ घसरला तरी
उठून बसते,
आणि पाहते, कोण आहे.