एक गोंडा कमी

शिवणाच्या डब्यात, बटणांच्या तळाशी,
बाबांची एवढीच वस्तू माझ्याकडे राहिलीय:
एक गोंडा. आठ पदर, पाच गाठी.

साल नक्की आठवत नाही.
मिलचा भोंगा अजून वाजत होता, एवढं धरा.
रेल्वे लाइन्समधल्या आमच्या क्वार्टरच्या चौकटीवर
तिरका ठोकलेला मेझुझा पाहून
पोस्टमन विचारायचा, "थर्मामीटर का हो, झिराडकर?"
"होय," बाबा म्हणायचे, "घराचा ताप बघतो."

आजोबांची सिसिथ कोकणातून आलेली,
खांद्यावर इतकी विरली की
त्यातून बाबांच्या शर्टाची रेघ दिसे.
मग एका रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून
ते पूर्व भागात गेले, राजमल्लू इराबत्तींच्या मागावर.

"पांढरी हवी. दोन्ही टोकांना निळे पट्टे."
"चादरच की."
"चादर नव्हे. अंगावर घेऊन देवापुढे उभं राहायचं."
"असं होय. मग सोवळ्यातलं."
"सोवळ्यातलंच समजा. पण भेसळ नको.
लोकर आणि जवसाचा धागा एकत्र आम्हाला वर्ज्य."
राजमल्लूमामा हसले. "सोलापुरात
सुताशिवाय दुसरं कुणाला काय येतंय?"
हसले खरे, पण मागाखाली साचलेला जुना लोकरीचा पुंजका
स्वतः वाकून काढला, फणी पुसली,
आणि मागाशी तेलुगूत काहीतरी बोलले,
हट्टी पोराशी बोलावं तसं.

पैसे घेतले नाहीत. आईने नव्याच्या सणाला
त्यांच्याकडे खोबऱ्याचा हलवा पाठवला,
ताटलीही परत मागितली नाही.

दारफाळणीला आमचं दार दिवसभर बंद.
आत पांढरे कपडे, कोरडे ओठ,
बाबांच्या डोक्यावरून ओढलेली ती सिसिथ.
बाहेर अंजम्मा शेजारच्या पोरांना दटावायची,
"हळू खेळा रे. आज त्यांचा हिशेब चाललाय."

माझा टायफॉइड उतरला तेव्हा मलिदा केला.
पोहे, गूळ, खोबरं, वेलदोडा, वर पाच फळं.
अंजम्मा पाटावर बसली, एलियाहू हन्नाबीची गोष्ट ऐकली:
रथ कोकणातून वर गेला,
कातळावर चाकांची खूण अजून दाखवतात.
"मग इतक्या लांब सोलापूरला कसे येतील ते?"
आई खोबरं पसरत म्हणाली,
"गाडी थेट आहे की."

बाबा माणसं सरळ मोजत नसत.
"एक नव्हे, दोन नव्हे, तीन नव्हे,"
असं बोट न दाखवता पुढं जायचे.
ते गेले त्या सकाळी दानियलकाकांनी तसंच मोजलं
पुण्याच्या गाडीनं आलेल्या माणसांना,
आणि 'सात नव्हे'वर थांबले.
दहा लागतात.
दारात राजमल्लूमामा, त्यांचा पोरगा,
आणि लाइनीतले चार जण चपला काढून उभे.
काका त्यांच्याजवळ गेले. काय बोलावं ते सुचेना त्यांना.
"मोजू नका हो," मामा म्हणाले,
"खांदा द्यायला तर लागतील ना माणसं?"

कद्दीश त्या दिवशी झालाच नाही.
पुढच्या शनिवारी पुण्यात काकांनी म्हटला,
पत्रात तसं कळवलं, तारखेसकट.

गुंडाळण्याआधी एक गोंडा कापायचा असतो.
घरातली कात्री सापडेना. सगळी घर शोधतात,
आणि ती नेमकी मामांच्या खिशात,
मागावरची, लहान, काळी पडलेली.
काढून दिली, पण तोंड फिरवून.
"आमचा जन्म तुटलेलं जोडण्यात गेला,"
एवढंच, भिंतीला म्हणाले.

परवा माझी मुलगी बटण शोधताना
गोंडा बाहेर काढून म्हणाली, "हे कशाचं?"
किती काय सांगता आलं असतं.
भाजी गॅसवर होती.
"सुताचं," म्हटलं. "नुसत्या सुताचं.
ठेव होतं तिथं."