इको

मास्तर माईकवर असले की मी बटणावर असतो.
वीस वर्षं झाली. मुलाणी साऊंड, मुक्काम आळसंद.
त्यांच्या गळ्याला कुठं किती खर्ज लावायचा,
हलगी-घुमकं चढलं की त्यांना कसं वर काढायचं,
माझ्या बोटांना पाठ आहे.

वाघजाईवाडीचं मैदान. दिवस कासराभर राहिलेला.
सात नंबरची कुस्ती, इनाम एकावन्न हजार.
मातीत उतरला बस्त्याव सिद्दी,
गाव हल्याळ, पण सहा वर्षं सांगलीच्याच तालमीत.
वाकून त्यानं चिमूटभर माती कपाळाला लावली.
ती त्याच्या कपाळावर जरा जास्त उठून दिसली,
एवढंच.

मास्तर म्हणाले,
"अरं, लाईट लावा रं कुणीतरी! पैलवान दिसंना झालाय!
आफ्रिकेच्या जंगलातनं डायरेक्ट आलाय वाटतं.
दात दाखव बाबा,
म्हंजे कळंल तोंड कुणीकडं हाय."

दहा हजार माणूस हसलं.
मंडपवाल्याच्या पोरानं खरंच हॅलोजन लावला.
आणि हशा आला की मी इको देतो, सवय आहे,
मी इको दिला.
कुणीकडं हाय, कडं हाय, हाय...
डोंगरानं ते तीनदा म्हटलं.
पहिलं मास्तरांचं. पुढचं सगळं माझं.

हलगी तेवढी थांबली.
मला वाटलं बिघाड, म्हणून मी तिच्यापुढचा माईक तपासला.
माईक चांगला होता.
सदा आवळे टिपरू मांडीवर ठेवून
समोर बघत बसला होता, नुसता.

कुस्ती बरोबरीत सोडवली.
कपडे करून बस्त्याव माझ्याकडं आला.
"मामा, दोन मिनटं माईक मिळंल का?"
बोली अशी, की डोळे मिटले तर मिरजेचा वाटावा.
मी म्हणालो, वायर गुंडाळलीय.
एकच गुंडाळली होती. ती लाईटची होती.

मग ती चौतीस सेकंदं राज्यभर फिरली.
टीव्हीवर सहा चौकटींत सहा माणसं भांडली,
सिद्दी त्यात कुणीच नव्हता.
विश्रामबागच्या चौकात पोरापोरींनी बोर्ड धरले.
हल्याळला कचेरीपुढं बायका बसल्या उन्हात.
वाडीनं ठराव केला, मास्तर गमतीनं बोलले.
मास्तरांनी हात जोडले, कुणाचं मन दुखावलं असल्यास.
त्या 'असल्यास'वर त्यांनी असा काही दम घेतला
की बटणावर मी असतो तर
तिथं टाळी पाडली असती.

निषेधाचं पत्र ज्यानं लिहिलं तो परवा दुकानात आला,
पुतण्याच्या साखरपुड्याला साऊंड ठरवायला.
मुलगी सावळी आहे म्हणाला, पण शिकलेली आहे.
मी पावती फाडली.
'पण'ची वेगळी पावती नसते.

घरी आस्मा फोन कानाला लावून बसलेली.
आमची थोरली.
शाळेत तिला पोरं काय म्हणायची
ते मी कधी विचारलं नाही, मला माहीत होतं.
चौतीस सेकंदं. पुन्हा चौतीस सेकंदं.
"अब्बा, ह्यात मागं घरघर येतीय.
ही आपल्या मशीनची घरघर."
खरं होतं. कधीची दुरुस्त करायची राहिलीय.
माझ्या हातात भाकरी होती.
"इको कुणी दिला, अब्बा?"

भाकरी किती वेळ हातात राहिली, सांगता येणार नाही.

काल मास्तरांचा फोन आला.
चैत्रात कडेगावकडं मैदान आहे.
लोक विसरत्यात रं, म्हणाले.
तूच ये. तुझ्यामुळं आवाज लांब जातो.

फोन स्पीकरवर होता.
आत भांडी वाजायची थांबली.