पाऊणपट

नेरूळ स्टेशनच्या पूर्वेला, झेरॉक्सच्या शेजारी
अकराशेला मिळाला.
बिल नव्हतं, खोका नव्हता.
वाघेलाने बॅटरी काढून आत फुंकर मारली,
माझं सिम चिमटीत धरलं आणि हसला :
हे कापलं कुणी?
मेव्हण्याने. औशात. नेलकटरने.

मग सिम पट्टीत, पट्टी खोबणीत,
वर विडीच्या बंडलाचा कागद घडी करून,
हलू नये म्हणून.
एक काडी आली. थांबली. मग तीन.
नंबर माझाच राहिला.
बायको म्हणाली, आवाज लांबून येतोय,
हौदात तोंड घालून बोलल्यासारखा.
मी म्हटलं, फोन नवा आहे.

आतलं सगळं पुसलेलं होतं,
नावं, मेसेज, कुणाचे असतील ते फोटो.
गजर तेवढे राहिले होते.

सोमवार, पावणेचार.
मंगळवार, साडेचार.
बुधवार, सव्वापाच.
गुरुवारी सहा.

मी सीवूड्सच्या एका टॉवरवर, गेट नंबर दोन, रात्रपाळी.
झोपायचं नसतं. झोप लागते.
सोमवारी पावणेचारला खिसा थरथरला
आणि चारला सुपरवायझर आला तेव्हा
मी उभा होतो, टोपीसकट.
म्हणून पुसले नाहीत.
पण डोक्यात राहिलंच :
कसली ही ड्युटी
जी रोज पाऊण तास उशिरा सुरू होते?
दूध असं चालत नाही. एस.टी. नाही.
देवसुद्धा वेळेवर उठतो.

गुरुवारी साडेसहाला करावे गावची नामीबाय आली,
पाटीत कोलंबी, वर ओलं फडकं.
तिला वेळा वाचून दाखवल्या.
ती बोटांवर काही मोजत राहिली, मग म्हणाली,
भरती हाय ती.
तिथीची पाऊणपट कर, पानी कवा भरंल ते कलतं.
आज अष्टमी. आठाची पाऊणपट सा.

फोन घेतला, उलटा केला,
स्पीकरच्या जाळीत नख घातलं,
नखावर पांढरं आलं.
ते तिने चाटून बघितलं.
कोनाचा रं?
म्हटलं, माझा.
सिम तुजा. फोन कोनाचा?

मी कोलंबी घेतली पावशेर.
मला कोलंबी आवडत नाही.

पुढल्या सोमवारी पुन्हा पावणेचार.
या वेळी मागच्या भिंतीपाशी गेलो,
जनरेटरच्या चौथऱ्यावर चढून पलीकडे बघितलं.
तिवरांच्या मुळ्या उघड्या,
त्यांच्या पलीकडे गाळ, लांबवर नुसता गाळ,
त्यात एक होडी कुशीवर पडलेली.
पाणी कुठेच नव्हतं.
फोन मात्र वाजत होता,
गेल्या सोमवारच्या पाण्यासाठी.

वेळा बदलणारा हात आता त्याच्यापाशी नाही.
विकला असेल. पडला असेल.
दुसरंही काही असेल,
ते मी वाघेलाला विचारलं नाही,
नामीबायनेही सांगितलं नाही.
ती आता दुसऱ्या गेटने जाते.

औशाला आमच्याकडे पाणी
आठ दिवसांनी येतं, टँकरच्या मर्जीने.
त्याचं गणित नसतं.
याचं आहे, हे मला खरंच वाटेना.
केबिनमध्ये किराणावाल्याचं कॅलेंडर आहे,
त्यावर टॉर्च धरला.
द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ.

नऊ वाजता माझी पाळी संपलेली असते,
मी दारावेत, रूमवर, चौघांत आडवा.
तरी लावला.

वाजला तेव्हा शिवी आली एक.
कोपऱ्यातला बालाजी उठून बसला :
काय झालं?
मी डोळे न उघडता म्हटलं,
पाणी आलंय.

तिघंही बादल्या घेऊन धावले.