मुदत सुरू झालेली नाही

तिसरा दिवस. अँटिव्हायरस म्हणतो, अपडेट अयशस्वी.
खाली बारीक अक्षरात, नोटीस बजावल्यासारखं :
आपल्या परवान्याची मुदत अद्याप सुरू झालेली नाही.

संपलेली मुदत मला कळते.
बत्तीस वर्षं कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली,
टाइपरायटर मांडून बसलो.
मुदत संपलेली माणसं रोज यायची,
पिशवीतून कागद काढायची, आधी पाणी मागायची.
पण सुरूच न झालेली मुदत?
पैसे तर मी पाडव्याला भरले.
पावती आहे. पावती मी टाकत नाही.

बंद करून चालू केला.
अँटिव्हायरस काढला, पुन्हा घातला.
राउटरची वायर उपसली, फुंकर मारली, खोचली.
फुंकर कशाला ते विचारू नका,
कॅसेटच्या काळापासूनची खोड आहे.
मोबाइलचं नेट जोडून पाहिलं.
कंपनीच्या नंबरावर एक मुलगी गोड बोलली,
वीस मिनिटं सनई ऐकवली, मग फोन कट.

बँकेचं पान उघडेना. विश्वासार्ह नाही, म्हणे.
वीजबिलाचं पान, तेही नाही.
दुपारपर्यंत विश्वास ठेवावा असं
काही उरलंच नाही जगात,
कूलर तेवढा घरघरत होता
मानेवाड्याच्या दोन खोल्यांत ओल्या वाळ्याचा वास सोडत.

संध्याकाळी वरच्या निमजेंची धनश्री आली,
हॉलतिकिटाचं प्रिंट काढायला.
उभ्या उभ्याच म्हणाली,
"काका, तारीख काय दाखवून राहिला हा?"

उजव्या कोपऱ्यात, वेळेच्या खाली :
एक जानेवारी, दोन हजार नऊ.

बाहेर सेहेचाळीस. डांबर चपलेला धरून ठेवतंय.
आत एक जानेवारी.

मी, ज्यानं तारखेची जागा कोरी असताना
एक कागद कधी सहीला दिला नाही,
भल्या भल्या वकिलांना परत पाठवलं,
त्या मला तीन दिवस तो कोपरा दिसला नाही.

धनश्रीनं डब्याचं झाकण काढलं, भाजीच्या सुरीनं.
आत धूळ, पालीच्या अंड्याचं एक टरफल,
आणि शर्टाच्या बटणाएवढी मेलेली बॅटरी.
घरात बोर्ड एकच.
रात्री कूलरसाठी मी याचा पिन काढतो
आणि हा सकाळी तेच जुनं वर्ष पुन्हा सुरू करतो.

म्हणजे बिचारा खरंच बोलत होता.
त्याच्या हिशेबानं माझी पावती भविष्यातली,
बँकेचे दाखले अजून जन्मायचे,
आणि जन्म व्हायच्या आधीचा दाखला
कोणता कारकून मान्य करील?

फोल्डर उघडून पाहिलं.
तीन दिवसांतले सात अर्ज : वारसाची नोंद,
नावात बदल, हरवलेल्या रेशन कार्डाचं प्रतिज्ञापत्र.
सातही एकाच दिवशी जतन झालेले,
ज्या दिवशी त्या रेशन कार्डावरची दोन नावं
अजून जिवंत असतील.
कागदावर तारीख मी हातानं टाइप करतो,
म्हणून अब्रू वाचली.

सकाळी ऊन चढायच्या आत सीताबर्डी.
चाळीस रुपये. गॅरंटी विचारली तर दुकानदार हसला.

धनश्रीनं बटण बसवलं, तारीख घातली, दाबलं.
हिरवी पट्टी सरकायला लागली.
"तारीख बरोबर असली ना काका, सगळंच चालते."

मी काही बोललो नाही.
बत्तीस वर्षं लोकांना बरोबर तारीख घालून दिली.
त्यातल्या कितींचं चाललं,
मोजलं नाही.

पट्टी एकसष्ट टक्क्यांवर होती
तेव्हा कूलरचा पंप कोरडा खडखडला.
उठलो. बादली घेतली.