पूर्वीचे आजार

उदगीरच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानात
पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून
मी त्यांच्यावर पाण्याची बाटली ठेवलीय.
एक फॉर्म फौजेचा. एक बिरादारांचा.

नागनाथ तीन महिन्यांनी घरी येतोय, कायमचा.
फिरोजपूरहून फोनवर म्हणतो,
"तुला समजंल ते भर. तिकडं तूच हायस."
बावीस वर्षं मी तिकडंच आहे.

फौजेचं कार्ड एकदा पैसे भरले की मरेपर्यंत.
पण दवाखाना लातूरला,
आणि खोली हुद्द्याप्रमाणं, हवालदाराला जनरल वॉर्ड.
एसटी नळेगाववरून जाते, मध्ये चहाला थांबते.
रात्री छातीत दुखलं तर
पहिल्या गाडीपर्यंत दुखणं थांबून राहील का,
विचारलं तर हा हसला.
मी हसायला विचारलं नव्हतं.

बिरादारांची पॉलिसी इथंच नाक्यावर चालते,
रोख लागत नाही, एसी खोली, खिडकीतून बाजार दिसतो.
पण हप्ता दर साली.
वय वाढलं की वाढतो, साखर निघाली की आणखी,
आणि मोतीबिंदूला दोन वर्षं थांबायचं.
मोतीबिंदूला हे सांगायचं कोणी?

'आश्रित' हा शब्द मी दोनदा वाचला.
सासूबाई त्यात बसतात, फक्त आमच्याजवळ राहायला हव्यात.
त्या राहतात देवर्जनला, थोरल्याकडं, दोन म्हशींसकट,
आणि म्हशी काही उदगीरला यायच्या नाहीत.
वेदिका बसते, नोकरी लागेपर्यंत नाहीतर लग्नापर्यंत.
ती म्हणाली, मग मी दोन्हीची घाई करत नाही.
माझी आई बसत नाही.
तिचा गुडघा
कोणत्याच रकान्यात वाकत नाही.

बिरादार पेन पुढं करतात.
"वहिनी, पूर्वीचे आजार. खरं लिवा बरं का,
नायतर क्लेम अडकतो."
रक्तदाब, नाही. साखर, नाही. दमा, नाही.
डाव्या कानाला कमी ऐकू येतं, तोफेमुळं. लिहिलं.
मग थांबले.

मागच्या सुट्टीत हा रात्री तीनला उठून
गच्चीचं दार लावलंय का पाहायचा.
लावलेलं असायचं.
परत पाहायचा.
दिवाळीत शेजारच्या पोरांनी लवंगी लावली
तेव्हा हा पलंगावर नव्हता,
पलंग आणि भिंतीच्या मध्ये होता.
वेदिकाला म्हणाला, चप्पल शोधतोय.
तिनं चप्पल आणून दिली.
दुसऱ्या दिवशीही, न विचारता,
तिनं चप्पल त्याच्या उशाशी ठेवली.

"याला काय म्हणतात?"
बिरादारांचं बोट यादीवरून खाली गेलं, वर आलं.
"झोपंचा त्रास म्हणा. पण नका लिवू, हप्ता वाढंल."
मघाशी खरं लिवा म्हणाले होते.
चांगला माणूस आहे. त्याच्याही यादीत नाही, त्याला तो काय करणार.

मी बाटली उचलली, फौजेचा फॉर्म वर घेतला.
हिशोब केलाच होता, पावतीच्या पाठीमागं,
पण खरं म्हणजे मला दिसला तो लातूरचा बाक.
नंबर लागेपर्यंत तिथं बसलेल्या माणसांत
एखादा तरी असेल
रात्री तीनला दार पाहणारा.
दोघं बोलतील, नाहीतर बोलणार नाहीत,
तंबाखू मळतील.
तेवढ्यासाठी नळेगावचा चहा पिऊ.

बिरादारांचा फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला.
आईचं वय त्यात बसतं का, विचारायचं राहिलं.

शेवटी फोटो मागितला. मी वर्दीतला दिला.
दुकानातलं पोरगं म्हणालं,
"काकू, आता साध्या कपड्यातला लागतो."
मोबाईल वर-खाली केला, मग पर्स उपसली.
साध्या कपड्यातला एकच निघाला, लग्नातला.
त्यात मुंडावळ्या आहेत.