म्हणे

नारीनमध्ये नोव्हेंबरात सहालाच काळोख पडतो.
गुरांच्या औषधांच्या दुकानावर आमची खोली,
कोळशाची शेगडी, सात खुर्च्या, आठ विद्यार्थी.
केरिमबेक उभाच राहतो.
दिवसभर मिनीबस हाकून आलेला, म्हणतो,
बसून बसून कंटाळलोय, बाई.

फळ्यावर मी लिहिते:
काल रात्री आठ ते दहा. एक मेंढी चोरीला गेली.
संशयित दोन, केरिमबेक आणि नर्स नुरझात.
जिन्यात जाऊन त्यांनी एकच गोष्ट रचायची,
मग एकेकाने आत यायचं
आणि आम्ही खोदून खोदून विचारायचं:
काय करत होतात? कोण बोलत होतं? खिडकी उघडी होती का?

आम्ही नूडल्स खात होतो, केरिमबेक सांगतो,
वीज गेली होती, मी मेणबत्ती धरून उभा होतो.
(अर्थात. उभाच.)
नुरझात येते. आम्ही सूप पीत होतो,
टीव्ही बघत होतो.
वीज नसताना? कुणीतरी ओरडतं,
आणि वॉज नि वेअर
एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात.
हसताना चुका कुणी मोजत नाही.
मी मोजते. वहीच्या कडेला, बारीक रेघांनी.

न्यायाधीश तुर्गुनबाय, वय एकाहत्तर,
नातवाशी फोनवर बोलता यावं म्हणून शिकायला येतात.
टोपी सरळ करून निकाल देतात:
मेंढी दोघांनी खाल्ली.
मला बोलावलं नाही, हा वेगळा गुन्हा.

मग दुसरा खेळ.
लोकर दाबून केलेला चेंडू, जिपाराच्याच हातचा,
ज्याच्याकडे येईल त्याने भूतकाळातली तीन वाक्यं सांगायची,
दोन खरी, एक खोटं.
ओळखा.

चेंडू फिरून जिपाराकडेच आला.
आय सॉ द सी.
आय सोल्ड नाइन गोट्स.
माय हजबंड डाइड.

समुद्र! सगळे एका आवाजात.
नारीनच्या बाईने समुद्र कुठे पाहायचा?
पाहिलाय, ती म्हणाली, लहानपणी, शाळेच्या सहलीत.
मग शेळ्या?
नऊच होत्या. पावती आहे.

शेगडीत एक कोळसा फुटला.

तिसरं खोटं नाही, बाई. पण खरं आहे का,
ते मला ठाऊक नाही.
साइटवरून त्याच्या मुकादमाचा फोन आला होता.
मग जस्ताची पेटी आली, डाग देऊन बंद केलेली.
उघडू नका म्हणाले.
आपल्या बोलीत मी नीट सांगते: गेला म्हणे.
डोळ्यांसमोर गेलेल्याला वेगळा प्रत्यय,
कानांवर आलेल्याला वेगळा.
इंग्रजीत डाइड एकच.
यात मी कुठे उभी राहू?

बावीस वर्षं शिकवते आहे मी काळ.
बारा खाने आखलेला तक्ता माझ्यामागे,
एकाही खान्यात 'म्हणे' नाही.
दे से, मी सुचवलं. अपॅरंटली.
नुरझात हळूच म्हणाली, मस्ट हॅव डाइड.
प्रत्येक शब्द जिपाराने हातात घेतला,
बाजारात बटाटा दाबून बघावा तसा,
आणि परत ठेवला.

मग वहीत लिहून तिने वही माझ्यापुढे सरकवली.
ही हॅज नॉट कम होम येट.

क्रियापद बरोबर. येट जागच्या जागी.
लाल पेनाचं टोपण काढलं मी, परत लावलं.

वर्ग आपोआपच सुटला.
तुर्गुनबायनी राख खाली दाबली, खुर्च्या भिंतीला लावल्या,
चेंडू कुणी उचलला मला दिसलं नाही.
जिन्यात केरिमबेक किल्ल्या खुळखुळवत थांबला होता.
जिपारा, आय विल ड्राइव्ह यू, तो म्हणाला.
एकही चूक नाही,

आणि भविष्यकाळ तर
आम्ही अजून सुरूसुद्धा केला नव्हता.